माझ्या पोटात पाऊस नव्हता

मित्रांनो, मी बेडकी आहे. आर्णी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्याबाहेर देवसिंगकाकांचं शेततळं आहे, तिथे माझं घर. दिसायला म्हणाल तर शेवाळलेल्या दगडासारखी, पाठीवर काळे ठिपके, पोट पांढरं. आमच्यात ओरडायचं काम नर करतात आणि नाव मात्र सगळ्या बेडकांचं खराब होतं. मला तो आवाज नाही, पण बोलायची हौस भारी. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात तर सगळं सांगूनच टाकते.

आधी मुख्य गोष्ट सांगते, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायला नको. आमच्या तळ्यात बुरशीचा रोग आला. सगळे गेले. मी वाचले. तेव्हापासून लोक मला ताकदीची म्हणतात, आणि ते ऐकलं की मला चिखलात तोंड खुपसून बसावंसं वाटतं. का, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म याच तळ्यातला. पाण्यावर तरंगणाऱ्या पारदर्शक गोळ्यात मी एक काळा ठिपका होते. मग शेपटी आली, मग मागचे पाय, मग पुढचे, आणि एके दिवशी शेपटी कुठे गेली ते कळलंसुद्धा नाही. तळ्याला खाली काळा प्लास्टिकचा कागद आहे. त्यावरून वर चढायला गेलं की सरळ घसरगुंडी. फक्त एका कोपऱ्यात, मोटारीचा पाइप हलू नये म्हणून काकांनी दगड रचले आहेत. आम्हा सगळ्यांचं अंगण तेच. तिथे ऊन खायचं, तिथेच माश्या पकडायच्या आणि तिथूनच उडी.

उडीबद्दल थोडी फुशारकी मारू द्या. आमच्या जातीला पाण्यावरून पळता येतं. पाण्यात बुडायच्या आत पुढची उडी, की पुन्हा पुढची. तांड्यातला लखन चपटा दगड घेऊन पाण्यावरून टप्पे मारत फेकायचा आणि त्या दगडामागून मी सुटायचे. शेवटी दगड बुडायचा. मी नाही.

लखनची चुलत बहीण ममता रोज बांधावर येऊन बसायची. ती नववीत आहे. शाळेत भाषणं करते आणि त्यांचा सराव आमच्यापुढे करते. हात हलवून, मान वळवून, मध्येच थांबून टाळ्यांची वाट पाहून. आमच्यातले नर नेमके तेव्हाच ओरडायला लागायचे. ममता खूश व्हायची.

काम म्हणाल तर आम्ही भरपूर केलं. डास, त्यांच्या अळ्या, तुरीवरचे किडे, दिव्याभोवतीची पाखरं, जे तोंडासमोर आलं ते गिळलं. त्याचं कोणी कौतुक केलं नाही, पण आम्हाला तरी कुठे ते काम वाटत होतं. आम्हाला भूक लागायची, एवढंच.

मग हिवाळा आला आणि त्याच्याबरोबर बुरशी. ती कुठून आली मला माहीत नाही. काकांनी आणलेल्या माशांच्या पिल्लांच्या पाण्यातून आली असेल, बगळ्याच्या पायाला चिकटून आली असेल. आली खरी.

मित्रांनो, तुमची कातडी म्हणजे अंगावरचं झाकण. आमची कातडी म्हणजे नाक आणि तोंडसुद्धा. आम्ही कातडीनं श्वास घेतो, पाणी पितो ते कातडीनंच. बुरशी नेमकी तिथेच बसते. कातडी जाड होते, चिवट होते, अंगातलं मीठ बाहेर झिरपतं आणि एक दिवस हृदय थांबतं. माझ्याबरोबर वाढलेली एक बेडकी होती, तिच्या डोळ्याखाली पांढरा डाग होता. ती भरदुपारी पाय पसरून पाण्याच्या कडेला पडली होती. मी शेजारून उडी मारली. त्या उडीची एवढीशी लाट उठली आणि ती उलटी झाली. तिनं पाय आवरले नाहीत. तेव्हा मला कळलं.

माझ्या अंगावरही बुरशी होतीच. पण माझं शरीर तिच्याशी भांडायला उठलं. अंगावर चिकट लस सुटायला लागली. मी पुन्हा पुन्हा कात टाकायचे, म्हणजे कातीबरोबर बुरशीही निघून जायची. एरवी आम्ही आपली कात ओढून काढतो आणि खाऊन टाकतो, वाया घालवत नाही. तेव्हा मात्र ती दगडाला घासून सोडून द्यायचे. दुपारभर तापलेल्या दगडावर पडून राहायचे, कारण बुरशीला ऊन सोसत नाही. पोटात भूक असायची, डोक्यावरून बगळे जायचे, पण मी हलत नव्हते.

ऐकायला हे शूरपणाचं वाटतं ना? आता पुढचं ऐका.

आमच्या पोटात पिवळ्या चरबीची बोटं असतात, खरोखर बोटांसारखीच. ती जपायची असतात, कारण त्या चरबीतूनच अंडी भरतात. रोज नवी कातडी शिवायची, रोज लस काढायची, तर ते कशातून? खाणं तर बंद होतं. माझ्या शरीरानं ती बोटं वापरली. एकेक करून सगळी. ती संपली तेव्हा उन्हाळा लागत होता आणि माझ्या पोटात अंड्यांचे बारीक दाणे धरायला सुरुवात झाली होती. शरीरानं तेही घेतले. आतल्या आत जिरवून टाकले. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला माहीत आहे, आणि म्हणूनच वाईट वाटतं. मी म्हटलं असतं, घे.

तळं शांत झालं. मेलेले बेडूक कडेला लागले तेव्हा ममता आणि लखन काठावर उभे होते.

"काहून मेले असतील वं हे?" लखननं विचारलं.

"मले काय माहीत."

"तुयं भाषण ऐकून मेले असतील."

"मंग तू काहून जिवंत हाय? तू त रोज ऐकतं."

लखन हसला, पण ममता हसली नाही. ती काठानं फिरून सगळ्या कोपऱ्यांत पाहत होती. शेवटी दगडांच्या फटीत तिला मी दिसले. तिनं माझा फोटो काढून विज्ञानाच्या मॅडमना पाठवला. मॅडमचा फोन आला तो मीही ऐकला, कारण ममता फोन नेहमी मोठ्या आवाजात लावते. मॅडम म्हणाल्या, "अगं, एवढ्या रोगातून तगली म्हणजे भक्कमच असणार. पावसाळ्यात अंडी घालेल. पिल्लंही तशीच निघतील बघ."

बस. त्या दिवसापासून मी पूर्ण तळ्याची आशा झाले. माझ्या पोटात काही नाही, हे फक्त मला ठाऊक होतं.

बेडूक गेले तसे डास वाढले. तळ्याच्या कडेला अळ्यांची नुसती वळवळ असायची. मी एकटी किती खाणार, आणि मला तर धड उडीसुद्धा जमत नव्हती. पाण्यावरून पळायला गेले की पहिल्याच टप्प्याला बुडायचे. मृगाच्या सुमारास तांड्यात ताप आला. ममताची आई उज्ज्वला तापानं फणफणली, तिला यवतमाळला दवाखान्यात ठेवावं लागलं. तो ताप या तळ्यातल्याच डासांचा होता का, ते डॉक्टर जाणोत. पण ममताला वाटलं तसंच, आणि खरं सांगू, मलाही.

उज्ज्वला घरी आली. सगळ्यांना हायसं वाटलं. तांड्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणजे लालीबाई. ती बांधावरून जाताना ओरडून म्हणाली, "लोखंडाची हाय आमची उज्ज्वला. डॉक्टरनं हात टेकले होते, हिनं नाही टेकले." चार दिवसांत उज्ज्वला सोयाबीन निंदायला काकांच्या वावरात दिसली. निंदता निंदता ती मध्येच बसायची, आणि कोणी पाहिलं की पायात काटा रुतल्यासारखं करून तळवा चाचपायची. हे मला दगडावरून दिसत होतं.

ममता मात्र हवेत होती. तिला वाटत होतं, याडी बरी झाली, आता बेडकीची पिल्लं झाली की डास संपले, डास संपले की ताप कोणालाच नाही. (त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.) ती मला रोज सांगायची, "यंदा तुह्यावरच हाय सारं." मी डोळे मिटायचे. तिला वाटायचं, मी हो म्हणते आहे.

मग पावसानं दडी मारली. सोयाबीनची पानं दुपारी माना टाकायला लागली आणि तांड्यानं धोंडी काढायचं ठरवलं. तुमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधतात, त्याला एक बेडूक अडकवतात, दोघंजण ते मुसळ खांद्यावर घेऊन पावसाची गाणी म्हणत दारोदार फिरतात. प्रत्येक दारात बायका वरून पाणी ओततात आणि ओंजळभर ज्वारी देतात. या तांड्यात आणखी एक रीत आहे. धोंडीची बेडकी भरल्या पोटाची लागते. पोटात अंडी तसं ढगात पाणी, असं लालीबाई सांगते.

आणि मित्रांनो, माझं पोट तेव्हा टम्म फुगलेलं होतं.

लालीबाईनं मला तळहातावर घेतलं, उलटं केलं आणि तिचा चेहराच उजळला. "पाह्य पाह्य, कशी भरून राह्यली. हिच्या पोटात पाऊस हाय बाप्पा."

"म्या म्हटलंच होतं," ममता म्हणाली. "मॅडमनं बी सांगतलं होतं."

ती सूज होती. रोगाशी भांडून भांडून माझ्या अंगात पाणी साचलं होतं. तसं मला तुमच्यासारखं बोलता आलं असतं तर मी तिथेच सांगितलं असतं. पण खरं सांगू का, लालीबाईच्या तळहातावर, सगळ्यांच्या कौतुकाच्या नजरांमध्ये, क्षणभर मलाही वाटलं की असेल पाऊस.

पाय बांधून लटकवायला ममतानं नकार दिला. तिनं ओल्या फडक्याची झोळी केली, तिच्यात पाला अंथरला आणि मला बसवलं. मुसळाचं एक टोक तिच्या खांद्यावर, दुसरं लखनच्या. मागे सगळी पोरं डबे वाजवत. दारोदारी बायका यायच्या, पाणी ओतायच्या आणि वाकून माझ्या पोटाला हात लावायच्या. एकीनं आपल्या लहान पोराचा हात माझ्यावर ठेवला. एकीनं डोळे मिटून काहीतरी मागितलं. मी झोळीत लहान लहान होत गेले. एवढी माणसं काहीतरी मागत होती आणि मी ते आधीच खाऊन बसले होते.

असं करत आम्ही ममताच्या दारात आलो. उज्ज्वला तांब्या घेऊन बाहेर आली, चौकटीला धरून. तिनं पाणी ओतलं. मग बोटावर कुंकू घेतलं आणि माझ्या पोटाला लावलं. तिनं बोट उचललं, पण तिथला खळगा तसाच राहिला. उज्ज्वलानं पुन्हा हळूच दाबलं. पुन्हा खळगा.

"ममता," ती म्हणाली, "हे अंड्याचं पोट नाही. सुजलं हाय हे."

"याडी, आता तू मॅडमपक्षा जास्त शिकली काय?"

पोरं हसली. उज्ज्वला रागावली नाही. तिनं लुगडं जरासं वर केलं आणि पाय पुढे केला.

"इथं दाब बरं."

"आता?"

"आता."

मुसळ खांद्यावर असतानाच ममता वाकली आणि आईच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा गेला नाही. माझ्या पोटावर होता तसाच. ममता त्याच्याकडे बघत राहिली. डबे वाजायचे थांबले.

"कधीपासून हाय हे?"

"दवाखान्यातून आली तवापासून."

"सांगतलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? तूच त साऱ्या तांड्यात सांगत फिरली, माही याडी ठनठनीत झाली म्हनून."

ती हे हसत म्हणाली, पण ममता हसली नाही. तिचा चेहरा कसा झाला होता ते मी झोळीतून पाहिलं. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. माझाही असाच होत असणार, फक्त बेडकांच्या चेहऱ्यावर ते दिसत नाही.

इतक्यात मागून देवसिंगकाका आले. "चाला, चाला, काय लावलं इथं. पुढचं घर घ्या. अन् उज्ज्वला, उद्या खालच्या वावरात निंदण हाय, ध्यानात हाय ना?"

"याडी येनार नाही, काका," ममता म्हणाली.

"काहून? बरी झाली ना ते. दवाखान्यातून सोडली ना."

"सोडली म्हंजे बरी झाली, असं कोनं सांगतलं तुमाले?" ममताचा आवाज भाषणातल्यासारखा मोठा नव्हता. बारीक झाला होता. "मीच सांगतलं. चुकलं माहं. तिचे पाय पाह्या."

काकांनी पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले कोनी सांगतलंच नाही त मी काय करू." आणि पुटपुटले, "उद्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेतो."

ममता झोळी सोडायला लागली तशी लालीबाई पुढे आली. "अर्धी धोंडी सोडत नसते पोरी. पाऊस उलटून जाते."

"मंग मले बांधा मुसळाले, दादी. माहं पोट चांगलं भरलेलं हाय. सकाळीच दोन भाकरी खाल्ल्या."

पोरं फिस्सकन हसली. लालीबाईलाही हसू आवरलं नाही. ती म्हणाली, "तुले उचलाले चार बैल लागतीन." मग ती उज्ज्वलाजवळ गेली, स्वतः दाबून तो खळगा पाहिला आणि तिचं हसू गेलं. तिनं उज्ज्वलाला खाटेवर बसवलं आणि पोरांना म्हणाली, "मातीची करा एखादी. चालते मातीची बी."

लखननं चिखलाची बेडकी केली. ती म्हशीसारखी झाली, तिला शिंगंच काय ती नव्हती. उरलेली घरं त्या म्हशीनं केली.

ममतानं मला तळ्यावर आणून दगडावर ठेवलं. मग म्हणाली, "रोज येऊन पाह्यत होती मी तुले. पन पाह्यलंच नाही." मला वाटलं, हिनं माझी माफी मागू नये. अंडी हिनं नाही जिरवली.

पाऊस आला, पण उशिरानं. तो कोणाच्या पोटातून आला ते मला विचारू नका. लखन अजून सांगतो की त्याच्या म्हशीच्या.

उज्ज्वलाला डॉक्टरांनी सांगितलं की ताप गेला, पण तापाशी भांडता भांडता अंगातलं रक्त कमी झालं. महिनोन् महिने आराम आणि नीट खाणं लागेल. ते ऐकून डास होऊ नयेत म्हणून ममतानं तांड्यात आठवड्यातला एक वार कोरडा दिवस ठरवला. त्या दिवशी सगळे माठ, टाक्या, ड्रम रिकामे करून घासायचे, उन्हात वाळवायचे, फुटके टायर पालथे घालायचे. पहिल्यांदा लोक कुरकुरले. काकांचा ड्रम तर तिनं त्यांच्यासमोरच पालथा केला. तळ्यावर येऊन ती मला म्हणाली, "डासाचं आमी पाहू. तू नुसती राह्य."

एकदा नाल्यातून वाट चुकून एक तरुण नर आमच्या तळ्यात आला. दुपारपासून गळा फुगवून त्यानं कल्ला केला. ममता शाळेतून धावत आली. पण माझं पोट रिकामंच होतं. या वर्षी मी एकही अंडं घातलं नाही. पुढच्या वर्षीचं मला माहीत नाही. सूज उतरली आहे आणि पाण्यावरून एक टप्पा जमतो. दुसऱ्या टप्प्याला मी अजून बुडते. त्या डागवाल्या बेडकीची पिल्लं झाली असती, माझी झाली असती, तळं कसं गजबजलं असतं, हा विचार उन्हात बसलं की येतोच. मी जगले, ते त्यांच्या जागेवर जगले. कोणी कितीही समजावलं तरी हे माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला थोडंसं सांगते. एका तळ्यातलं पाणी, मासे, बेडूक दुसऱ्या तळ्यात सोडू नका. चिखलाचे बूट आणि बादल्या धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, मगच दुसऱ्या पाण्यात न्या. बेडूक सुस्त दिसला तर हाताळू नका, मोठ्यांना सांगा. आणि जो रोगातून उठला आहे, मग तो बेडूक असो की माणूस, त्याला लोखंडाचा म्हणण्याआधी त्याच्याजवळ जरा बसा. उठताना त्याच्या आत काय काय संपलं, ते विचारा. तो लगेच सांगणार नाही. पुन्हा विचारा.

परवा उज्ज्वला बांधावर येऊन बसली होती. हातात विळा नाही, पाटी नाही. निंदणाच्या बाया जाताना थांबल्या. एकीनं विचारलं, "काय करून राह्यली वं?"

उज्ज्वला म्हणाली, "काही नाही."

आणि या वेळी तिनं तळव्यात काटा शोधला नाही.